उजव्या हातावरचा निळा गोल

शिरूरच्या दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा माझा नर्सिंगचा कोर्स संपून जेमतेम दोन महिने झाले होते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. माझं घर दौंडला, वडील रेल्वेत. शिरूरला मी एका शिक्षिकाबाईंच्या घरात खोली घेऊन राहायची, आणि रविवारी एसटीनं दौंडला जाऊन आईच्या हातचं जेवून यायची. दवाखाना लहान मुलांचा. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी आणि एक आयाबाई, एवढाच आमचा स्टाफ.

इंजेक्शनं मला चांगली जमायची. मुलं रडायच्या आत सुई बाहेर असायची. फक्त एका टेस्टची मला धास्ती होती. क्षयाची शंका आली की मुलाच्या हातावर, अगदी कातडीच्या आतल्या आत, औषधाचा एक थेंब सोडायचा. बरोबर बसला तर तिथं मटकीएवढा पांढरा फुगा उठतो आणि थोड्या वेळानं जिरतो. दोन-तीन दिवसांनी तिथं गाठ आली का, किती मोठी आली, हे मोजायचं. आम्ही तिला नुसतं ‘मान्टू’ म्हणायचो. सुई जरा खोल गेली की औषध कातडीखाली निघून जातं, फुगा येतच नाही आणि टेस्ट वाया जाते.

डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात जागा दाखवून ठेवली होती. डावा हात, आतली बाजू, कोपराच्या खाली चार बोटं सोडून. शीर नको, व्रण नको, पुरळ नको, गोंदण नको. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी चाची तिच्या नातीला घेऊन आली.

चाचीला सगळी पेठ ओळखायची. तिचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं, आणि लग्नसराईत आसपासच्या गावांतून तिला चुडा भरायला बोलावणं यायचं. तिच्या सासूच्या आधीपासून चुड्याची ही घरं त्यांच्याच घराण्याकडं होती. ठेंगणी, गोरी, नाकात चमकी, हिरव्या साडीचा पदर डोक्यावरून घेतलेला. नात सहा वर्षांची. तिची मान इतकी बारीक की फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरत होता.

“दीड म्हैना झाला, खोकती,” चाची म्हणाली. “वजन वाढंना. आन् ह्यांना...” ती थांबली, दाराकडं बघून आवाज खाली आणला. “ह्यांच्या थुंकीत निघालाय. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या चालू हायेत.”

‘ह्यांना’ म्हणजे तिच्या नवऱ्याला. मुलीची आई बाळंतपणाला माहेरी, दौंडला गेलेली. बाप कोरेगाव भीमाच्या कारखान्यात, तिथंच खोली करून राहायचा. घरात आजी, आजोबा आणि ही मुलगी. रोज आजोबांच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपायची. थुंकीचा रिपोर्ट आला त्या दिवशी आजोबांनी स्वतःच आपली बाज अंगणात नेऊन टाकली. मुलगी दोन दिवस रुसून बसली होती म्हणे.

डॉक्टरांनी मुलीला तपासलं आणि कागदावर मान्टू लिहिलं. चाचीची थुंकी आणि छातीचा फोटो आधीच बघून झाले होते, तिला काही नव्हतं.

मी मुलीला आतल्या टेबलावर बसवलं, डाव्या हाताची बाही वर केली, आणि माझी पंचाईत झाली. हाताच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, चहा सांडून भाजल्याचा जुना व्रण होता. चार बोटांची जागा सगळी त्यातच गेली होती.

“बाई,” चाची म्हणाली, “पायावर न्हाई का देता येत? सलवारीत झाकून जाईल.”

“हातावरच द्यावं लागतं, चाची. का?”

“परवा कवठ्याला चुडा हाय. मोठं घर हाय, बागाईतदार. उद्याच निघायचंय. हिला कुणाजवळ ठिवू? संगं न्यावीच लागंल.” ती माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होती. “मी बायांचे हात धरती, बाई. घरात असलं काय हाय म्हणलं, तर हात कोण देईल मला?”

मला तिचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर मला तिची दया आली, आणि त्या दयेपोटीच मी जागा निवडली. डाव्या हातावर, व्रणाच्या वर, कोपराच्या वळीला लागून बोटभर कोरी कातडी होती. तिथं स्वेटरची बाही कायम राहणार होती. जवळून एक निळी शीर जात होती, पण मला वाटलं, जमेल. डॉक्टर बाहेर पेशंट बघत होते. त्यांना विचारायला मी गेले नाही.

सुई टेकवली आणि मुलीनं कोपर दुमडलं. थेंब कुठं गेला कळलंच नाही. फुगा आला नाही. आलं ते टाचणीच्या टोकाएवढं रक्त. मुलगी अशी रडली की डॉक्टर आत आले.

त्यांनी हात बघितला. “इथं का दिलंत?”

“बाहीत झाकलं जाईल म्हणून.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “सिस्टर, ही जागा आपण निकाल वाचण्यासाठी निवडतो, लपवण्यासाठी नाही. उजव्या हाताला द्या. नीट, मधोमध.” आणि बाहेर गेले.

आता मुलगी कशाला हात देते! तिनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. मी उजवं मनगट पकडून पुढं ओढायला लागले, तर चाचीनं माझ्या हातावर हात ठेवला.

“वढू नका, बाई. हात वढला की आकसतो. मंग बांगडी बी जात न्हाई आन् तुमची सुई बी जायची न्हाई.”

तिनं नातीला मांडीवर घेतलं. घाई केली नाही. मुलीचा उजवा हात पाठीमागून कधी पुढं आला ते मला कळलंसुद्धा नाही. चाची तिचा तळवा दोन्ही हातांत घेऊन मळत होती. अंगठ्याचा उंचवटा आत दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची.

“कौनसे रंग की डालूं बेटा?”

मुलगी हुंदके देत होती. “लाल.”

“लाल. आन् मधी?”

“सोनेरी.”

“कितनी?”

“इत्ती,” म्हणून तिनं डाव्या हातानं कोपरापर्यंत दाखवलं. उजवा हात चाचीच्या हातात सैल पडला होता, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. चाचीनं माझ्याकडं बघून नुसत्या डोळ्यांनी खूण केली.

मी सुई जवळजवळ आडवी धरली. कोरी, स्वच्छ कातडी, मनगट आणि कोपराच्या मध्ये. पांढरा फुगा हळूहळू वर आला, संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसली. मुलगी म्हणाली, “सोनेरी दोन.” तिला समजलं होतं की नाही कोण जाणे.

फुग्याभोवती मी निळ्या बॉलपेननं गोल काढला. जागा सापडावी म्हणून तो काढावाच लागायचा. लहान काढला असता तरी चाललं असतं. पण आधीच्या चुकीनं मी इतकी घाबरले होते की रुपयाएवढा मोठा काढला. आता तो कुठूनही दिसत होता.

“पट्टा काढा ना,” मुलगी म्हणाली. “घड्याळ होईल.”

मी नाही म्हटलं. खाजवू नको, साबण लावू नको, चोळू नको, एवढं सांगितलं. आणि चाचीला म्हटलं, “गुरुवारी मोजायला लागेल. शुक्रवारी सकाळपर्यंत चालेल, पुढं नाही.”

“मी तवा कवठ्यात.”

“मग मी येते,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “गुरुवारी दुपारनंतर जा. स्केल पारदर्शक न्या.”

कवठे येमाईला मी पहिल्यांदाच जात होते. मलठण मागं पडलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रांगत राहिली. घर शोधावं लागलं नाही, मांडव स्टँडवरूनच दिसत होता. अंगणात सतरंजीवर चाची बसली होती, पुढं पेटी उघडी, हिरव्या काचेचे डझनांवर डझन मांडलेले. समोर नवरी. बाजूला पंधरा-वीस बायका आपापल्या पाळीची वाट बघत, कुणाकुणाची चेष्टा करत. मला बघून चाचीनं फक्त भुवई उचलली आणि डोक्यानं गोठ्याकडं खूण केली.

मुलगी तिथं कडब्याच्या गंजीला टेकून उभी होती. स्वेटर काढून कमरेला बांधलेला, दुपारचं ऊन होतं. उजवा हात तिनं अभिमानानं पुढं केला. माझ्या गोलाला तिनं स्वतःच दोन्ही बाजूंनी पट्टा काढला होता.

मी तिला उजेडात घेतलं. लाली बरीच पसरली होती, पण लाली मोजायची नसते. बोटाचं टोक कातडीवरून हलकं फिरवत नेलं. मऊ, मऊ, आणि मग एकदम कडा लागली. दुसऱ्या बाजूनं आले, तिथंही लागली. दोन्हीकडं पेननं बारीक रेघ मारली आणि स्केल ठेवली. सोळा मिलिमीटर. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा ठेवली. सोळाच. दहाच्या पुढं गेलं की लागण झालेली, हे मला पाठ होतं.

“कितना बजा?” मुलीनं विचारलं.

मी स्केल पिशवीत ठेवली. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. नवरीची आई उभी होती. भरदार बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाण्याचा तांब्या.

“घड्याळ घातलंय व्हय गं?” तिनं कौतुकानं मुलीचा हात धरला, आणि तिचं बोट त्या गाठीवर आलं. “हे काय फुगलंय मधी? आन् तुम्ही कोण, बाई?”

मी उत्तर एसटीतच तयार करून आणलं होतं. “किडा चावलाय. मी दवाखान्यातून... इकडंच आले होते, म्हटलं बघून जावं.”

ते इतकं खोटं वाटत होतं की माझं मलाच ऐकवेना. अंगणातली बडबड कमी झाली होती. चाचीनं नवरीच्या हातातली बांगडी मनगटापर्यंत नीट नेली, हात खाली ठेवला आणि तिथूनच म्हणाली, “न्हाई वैनी. किडा न्हाई. टीबीची टेस्ट हाय ती. माझ्या मालकांना टीबी झालाय. पोरीला लागलाय का ते बघाया बाई शिरूरवरनं आल्यात.”

गोठ्यातल्या म्हशीनं तेवढी साखळी हलवली.

“मला न्हाई,” चाची पुढं म्हणाली. “माझा फोटू काढलाय, थुंकी तपासलीया. असता तर मी ह्या घरात पाय ठिवला नसता. पर तुमी हात देताय, तुमास्नी ठावं पायजे.”

नवरीच्या आईनं मुलीचा हात सोडला. मग माझ्याकडं वळली. “बाई, खरं सांगा आता. हातानं लागतं का?”

“हातानं नाही लागत,” मी म्हटलं. “खोकल्यातून लागतो, तोही मोठ्या माणसाच्या. इतक्या लहान मुलांमुळं सहसा दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या घेतल्या की बरी होतात. चाचींना काही नाही, मी त्यांचे रिपोर्ट बघितलेत.”

ती घरात निघून गेली. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सतरंजीच्या कडेला बसलेल्या दोघीतिघी उठल्या. एक म्हणाली तिचं दूध उतू जाईल, एक काहीच म्हणाली नाही. चाची पेटीतल्या बांगड्या सारख्या करत बसली. मला वाटलं, मी मंगळवारी त्या बोटभर जागेत नीट सुई मारली असती, तर हे सगळं झालं नसतं. आता विचार करते तेव्हा तसंही वाटत नाही. पण त्या दिवशी, त्या मांडवात, मला फक्त तेच वाटत होतं.

नवरीची आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुपात तांदूळ, नारळ आणि खण होता. ती लेकीजवळ बसली. “दुसरा हात राहिलाय ना? भरा,” एवढंच म्हणाली. आवाज काही मायेचा नव्हता. ठरवून आल्यासारखा होता.

चाचीनं नवरीचा दुसरा हात घेतला. एकही बांगडी वाढवली नाही, म्हणजे फुटू दिली नाही. चुडा पूर्ण झाल्यावर रीतीप्रमाणं नवरी चाचीच्या पायाशी वाकली. वाकताना तिनं क्षणभर आईकडं बघितलं, आणि आईनं मान हलवली. चाचीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

बाकीच्या बायकांपैकी चार-पाच जणींनी बांगड्या भरल्या. जावा-भावजयांनी ‘उद्या बघू’ म्हटलं. चाची म्हणाली, “उद्या कशाला,” आणि पेटी बांधली. एरवी ती लग्न लागेपर्यंत थांबायची. त्या दिवशी आम्ही तिघी संध्याकाळच्या एसटीनं शिरूरला परत आलो.

एसटीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली. मी चाचीला आकडा सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “निघालाय ना? काल रातीच कळलं मला. जिनगानी गेली माझी हात चाचपण्यात.” मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “बरी व्हईल म्हणलात ना तुमी?”

“होईल.”

“मंग बास.”

छातीचा फोटो काढला, त्यात डॉक्टरांना दिसायचं ते दिसलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी चाची धावत दवाखान्यात आली, पदर डोक्यावरून उडालेला. पोरीची लघवी लाल झाली होती. ते गोळीच्या रंगानं होतं, आणि ते सांगायचं मी साफ विसरले होते. मी माफी मागितली. मुलगी मात्र खूश होती, आयाबाईंना सांगत होती, “सरबत जैसी!”

मुलीच्या आईला दौंडला मुलगा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आजोबांची थुंकी साफ येईपर्यंत बाळाला शिरूरला आणायचं नाही. मग रविवारी मी दौंडला निघाले की चाची स्टँडवर डबा घेऊन उभी असायची. कधी डिंकाचे लाडू, कधी मुलीच्या शाळेच्या वहीचं पान. ते मी सुनेला पोचवायची आणि येताना बाळाची खबर आणायची. बाळ हसलं, बाळ पालथं पडलं. आजोबा अंगणात बाजेवर बसून ऐकायचे. माझ्यापासूनही चार पावलं लांब.

त्या लग्नसराईत चाचीला दोन-तीन घरांनी बोलावलं नाही. एका घरानं तर दुसरी बांगडीवाली आणल्याचं मुद्दाम कळवलं. तिनं ते मला सांगितलं, पण रडगाणं गायलं नाही. मात्र होळीच्या सुमाराला कवठ्याची एक बाई एकटीच दवाखान्यात आली. त्या दिवशी ‘उद्या बघू’ म्हणालेल्यांपैकी एक. तिला महिनाभर खोकला होता, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. “चाचीकडं गेले व्हते दुकानात,” ती म्हणाली. “ती म्हणली, त्या सिस्टरबाईंकडं जा. त्या कुटं जायाचं ते सांगत्याल, कुणाला बोलायच्या न्हाईत.” मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिला टीबी नव्हता, दमा निघाला. तरी पुढं दर दोन-चार महिन्यांनी अशी कुणीतरी बाई यायची, आणि नाव चाचीचं घ्यायची.

पाडव्यानंतर आजोबांची थुंकी साफ आली. पुढच्या सोमवारी सकाळी दौंडहून येताना माझ्या शेजारच्या सीटवर चाचीची सून होती आणि तिचं गुटगुटीत बाळ माझ्या मांडीवर. न्हावऱ्याच्या थांब्यावर त्यानं माझी ओढणी ओली केली.

शिरूरच्या स्टँडवर सगळे आले होते. मुलीचा बापही रजा टाकून आलेला. मुलीचे गाल वर आले होते, ती धावत आली आणि भावाचे पाय मोजल्यासारखी एकेक बोट धरून बघायला लागली. चाचीनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आजोबा रसवंतीच्या गाड्याजवळ उभे होते, रुमाल तोंडावर घट्ट धरून. डॉक्टरांनी त्यांना आता धोका नाही असं दोनदा सांगितलं होतं. तरी ते पुढं येईनात.

सुनेनं माझ्या हातातून बाळ घेतलं, रस्ता ओलांडला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. आजोबा मान हलवून नको नको म्हणत होते. तिनं बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं आणि बाजूला झाली. आता त्यांना दोन्ही हात लागणार होते. रुमाल खाली पडला, आणि मुलगी तो उचलायला वाकली.